घरातल्या अँटेनावर फुकट दूरदर्शन: ठाणे आणि नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबलचं महिन्याचं बिल नको, घरी बातम्या आणि क्रिकेट बघणारी ज्येष्ठ माणसं आहेत, गच्चीवर छत्री लावायला सोसायटी तयार नाही. अशा घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणता अँटेना घेऊ?" असा असतो. तो खरं तर शेवटी यायला हवा. आधी तुमची खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते बघा, कारण निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो. घाई असेल तर थेट प्रश्न ६ वाचा.

१. घरातल्या अँटेनावर खरंच पैसे न भरता टीव्ही दिसतो का?

हो. दूरदर्शन मनोऱ्यावरून हवेतून डिजिटल प्रक्षेपण करतं आणि ते पकडायला रिचार्ज, कार्ड किंवा नोंदणी लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईसह देशातल्या १६ शहरांत ही सेवा सुरू झाली. तिच्या तंत्राचं नाव डीव्हीबी-टी२.

मुंबई परिसरासाठी दूरदर्शनचा मनोरा वरळीत आहे, सुमारे ३०० मीटर उंचीचा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पूर्वी गच्चीगच्चीवर दिसणारे अँटेने याच वरळीकडे तोंड करून असायचे. ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता बंद आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे केबलला पर्याय म्हणून घेऊ नका. हे दूरदर्शन आहे, फुकट आणि स्वच्छ चित्रात. तेवढ्यावर तुमच्या घरचं भागत असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

२. कोणत्या वाहिन्या दिसतील? झी मराठी, स्टार प्रवाह लागेल का?

नाही लागणार. भारतात मनोऱ्यावरून टीव्ही प्रक्षेपण फक्त दूरदर्शन करतं, त्यामुळे एकही खासगी वाहिनी अँटेनावर येत नाही. सेवा सुरू झाली तेव्हाच्या संचात डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि पाचव्या जागी प्रादेशिक वाहिनी किंवा डीडी किसान अशी रचना होती. संचात बदल होत असतात. म्हणून कोणाच्या जुन्या यादीवर विसंबू नका, आपल्या बॉक्सवर शोध लावा (प्रश्न ११) आणि जे सापडेल तीच आजची यादी समजा.

घरातल्यांना मालिकाच हव्या असतील तर हा खटाटोप करू नका. ज्यांच्यासाठी आणायचं त्यांना आधी विचारा. अँटेना बसल्यावर "माझी मालिका कुठाय?" असं ऐकू आलं की सगळा उत्साह मावळतो.

३. म्हणजे हे डीडी फ्री डिशच ना?

नाही, आणि या दोघांची गल्लत सर्वांत जास्त होते. फ्री डिश उपग्रहावरून येते. तिला छत्री लागते आणि ती छत्री जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्व रेखांशाकडे, रोखावी लागते. ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून ही दिशा साधारण आग्नेय, आणि क्षितिजापासून पन्नास-साठ अंश वर. फ्री डिशवर दूरदर्शनबरोबर अनेक खासगी वाहिन्याही असतात. त्यांना लिलावाने जागा दिली जाते, म्हणून ती यादी बदलत राहते. डीडी सह्याद्री तिथे आहे.

अँटेनाचं प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येतं आणि त्याला छत्री लागत नाही. फ्री डिशचा बॉक्स अँटेनाला चालत नाही, अँटेनाचा बॉक्स छत्रीला चालत नाही आणि केबलवाल्याचा बॉक्स दोन्हींना चालत नाही. दुकानात "फ्री टीव्हीचा बॉक्स द्या" म्हणालात तर फ्री डिशचाच हातात पडेल. "डीव्हीबी-टी२" हा शब्द उच्चारून मागा.

४. काय काय विकत घ्यावं लागेल?

टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर असेल (प्रश्न ५) तर फक्त अँटेना आणि वायर. नसेल तर डीव्हीबी-टी२ सेट टॉप बॉक्सही. बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडायचा. टीव्ही जुना असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडता येईल असा बॉक्स बघून घ्या.

वायर केबलवाले वापरतात तीच, आरजी-६. घरात केबलचा तुकडा उरला असेल तर तोच चालेल. टोकाच्या पिनेकडे मात्र लक्ष द्या. केबलच्या आणि छत्रीच्या वायरींना आटे असलेली पिन असते, टीव्हीच्या आणि टी२ बॉक्सच्या अँटेना सॉकेटमध्ये बहुधा नुसती ढकलायची पिन लागते. दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर आणायला विसरल्यामुळे रविवारचा दिवस फुकट जातो.

ठाणे-वाशीच्या नेहमीच्या दुकानांत बॉक्स नसेल तर लॅमिंग्टन रोडला विचारा किंवा ऑनलाइन मागवा. परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या. तुमच्या घरात सिग्नल आहे की नाही हे बॉक्स लावल्याशिवाय कळत नाही. ओळखीत कोणाकडे बॉक्स असेल तर एका संध्याकाळपुरता मागून आणा. खरेदीआधी करण्यासारखी यापेक्षा चांगली चाचणी नाही.

५. माझा टीव्ही स्मार्ट आहे, फोर-के आहे. वेगळा बॉक्स कशाला?

स्मार्ट असणं म्हणजे इंटरनेटला जोडता येणं. हवेतलं प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर ही वेगळी वस्तू आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या काही टीव्हींत डीव्हीबी-टी२ असतो, काहींत फक्त केबलचा किंवा जुना अ‍ॅनालॉग असतो. मॉडेलच्या माहितीपत्रकात "ट्यूनर" किंवा "ब्रॉडकास्टिंग" या रकान्यात बघा. तिथे टी२ लिहिलेलं असेल तर बॉक्स नको. नुसतं सी असेल तर तो केबलचा, एस किंवा एस२ असेल तर उपग्रहाचा.

माहितीपत्रक सापडत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चॅनल शोधायला जा. तिथे "अँटेना" आणि त्याखाली "डिजिटल" असे पर्याय दिसले तर आशा आहे. फक्त "केबल" किंवा "अ‍ॅनालॉग" दिसलं तर बॉक्स घ्यावा लागेल.

६. अँटेनाचं तोंड कोणत्या दिशेला करायचं?

वरळीकडे. आता तुमच्या घरातून वरळी कुठे येते ते बघू. खालची अंतरं सरळ रेषेतली आहेत, रस्त्याची नाहीत.

ठाणे स्टेशन, नौपाडा, कोपरी, पाचपाखाडी: वरळी नैर्ऋत्येला, सुमारे २५ किलोमीटर. रेषा कांजूरमार्ग, घाटकोपर, शीववरून जाते, म्हणजे जवळपास मध्य रेल्वेच्या रुळांबरोबरच. तुमच्या घरातून मुंबईकडे जाणारी लोकल ज्या बाजूला जाताना दिसते, तीच बाजू. होकायंत्राची गरज नाही.

ऐरोली, रबाळे: इथूनही नैर्ऋत्य आणि अंतर पंचविसाच्या आसपास. खाडीवर मोकळी जागा आहे आणि पलीकडे विक्रोळी-घाटकोपर. खाडीकडे तोंड असलेलं घर असेल तर ही फार चांगली जागा.

वाशी: सुमारे २० किलोमीटर, पश्चिमेला आणि किंचित दक्षिणेकडे झुकलेली दिशा. डिसेंबरच्या शेवटी वाशीतून सूर्य जिथे मावळताना दिसतो, जवळपास तिथेच वरळी.

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर: जवळजवळ थेट पश्चिम, वीस-बावीस किलोमीटर. मार्च किंवा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला सूर्यास्त आठवा. इथे मध्ये ट्रॉम्बेचा डोंगर येतो, त्यामुळे खालच्या मजल्यांना वाशीपेक्षा त्रास जास्त.

घोडबंदर रोड, खारघर आणि मुंब्र्यासाठी प्रश्न १५ बघा. तिथली गोष्टच वेगळी आहे.

फोनमधल्या नकाशावर आपलं घर आणि वरळी यांच्यामध्ये बोटाने रेषा ओढलीत तरी दिशा कळते. काही अंशांची चूक झाली तर बिघडत नाही, घरातल्या अँटेनाचा पट्टा रुंद असतो. घराच्या भलत्याच बाजूला ठेवलात तर मात्र बिघडतं. ट्यूबलाइटखाली, टीव्हीच्या मागे, कपाटावर अँटेना ठेवून "सिग्नलच नाही" म्हणणारी निम्मी घरं तो योग्य खिडकीशी नेल्यावर चालू होतात.

७. आमची एकही खिडकी वरळीकडे नाही. सगळ्या पूर्वेला आहेत. मग संपलं का?

संपलं नाही. समोर दुसरा टॉवर असेल तर त्याच्या भिंतीवर आपटून लहरी तुमच्याकडे परत येतात. अ‍ॅनालॉगच्या काळात अशा परावर्तनाने पडद्यावर माणसाला सावलीसारखा दुसरा माणूस चिकटायचा. डीव्हीबी-टी२ मध्ये परावर्तनासाठी मुद्दाम जागा ठेवलेली असते. थोडी उशिरा पोचलेली तीच लहर मूळ लहरीबरोबर जुळवून घेतली जाते आणि चित्र बिघडत नाही.

म्हणून अशा घरात अँटेनाचं तोंड वरळीकडे म्हणजे स्वतःच्याच भिंतीकडे करू नका. खिडकीतून समोरच्या उंच इमारतीकडे करा. मग हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत बॉक्सवरचा दर्जा बघा. हिरानंदानी इस्टेट किंवा पाम बीच रोडसारख्या टॉवरांच्या गर्दीत हा उपाय करून बघण्यासारखा आहे. समोर मोकळं आकाश किंवा नुसती झाडं असतील तर मात्र पूर्वेच्या खिडकीतून अपेक्षा कमी ठेवा. त्या घरासाठी फ्री डिश जास्त सोयीची, कारण आग्नेय तुमच्या बाजूला आहे.

८. कोणता अँटेना घेऊ? ऑनलाइन "५०० किलोमीटर, फोर-के, हजार चॅनल" असे दिसतात.

तसे अजिबात घेऊ नका. अँटेनाला फोर-के वगैरे काही कळत नाही, तो फक्त लहर पकडतो. ५०० किलोमीटर तर अशक्यच आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३०० मीटरच्या मनोऱ्याची थेट पोच सत्तरेक किलोमीटरवर संपते. आणि हजार चॅनल हवेत नाहीतच, तर अँटेना ते आणणार कुठून? हे वाचून कोणाच्या आईवडिलांचे पैसे वाचले तर हे पान लिहिल्याचं मला समाधान आहे.

घ्यायचा तो यूएचएफचा, म्हणजे टीव्हीच्या आखूड लहरी पकडणारा. दूरदर्शनची डिजिटल सेवा यूएचएफ पट्ट्यात आहे. वरळीच्या दिशेला खिडकी असेल तर काचेला चिकटवायचा पातळ पत्र्यासारखा साधा अँटेना पुरतो. बाल्कनी असेल तर छोटा, आडव्या दांड्यांचा यूएचएफ यागी उत्तम. तो फूट-दोन फुटांचा असतो आणि कपडे वाळत घालायच्या दांडीलाही बांधता येतो. दोघांतून निवडायचं झालं तर बाल्कनी असलेल्याने यागीच घ्यावा. दिसायला तो तितका छान नाही, पण काम चोख करतो.

९. घरात जुना दोन काड्यांचा अँटेना आहे. गच्चीवर जुना मोठाही आहे. ते चालतील?

काड्यांचा चालेल. काड्या पूर्ण ओढू नका. प्रत्येक काडी साधारण १५ सेंटिमीटर ठेवा आणि दोन्ही आडव्या, एका रेषेत पसरवा. त्यांचा बुंधा नव्हे, पसरलेली बाजू वरळीकडे यायला हवी. वायर चपटी दोन तारांची असेल तर मधे छोटा बॅलन, म्हणजे चपटी वायर गोल वायरीला जुळवणारा जोड, लागतो, तो पाच-पन्नास रुपयांत मिळतो.

गच्चीवरचा लांब दांड्यांचा अँटेना जुन्या व्हीएचएफ, म्हणजे जास्त लांब लहरींच्या, प्रक्षेपणासाठी होता. यूएचएफला तो जवळपास निरुपयोगी. त्याचा खांब मात्र कामाचा आहे, गंजला नसेल तर.

१०. घरी बनवता येईल का? मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी विचारतोय.

हो, आणि जरूर बनवा. सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर होते. तिचं अर्ध ३० आणि पाव १५. तांब्याच्या जाड तारेचे प्रत्येकी साडेचौदा सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, लाकडी पट्टीवर एका रेषेत बसवा, मधे सेंटिमीटरभर फट ठेवा. आरजी-६ वायरची मधली तार एका तुकड्याला आणि बाहेरची जाळी दुसऱ्याला जोडा. मागे १५ सेंटिमीटरवर, वरळीच्या उलट बाजूला, पुठ्ठ्यावर चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल उभी केली तर जोर आणखी वाढतो. वाशीसारख्या ठिकाणी खिडकीत ठेवलेला असा अँटेना विकतच्याला हरत नाही. मुलाला लहरलांबी पुस्तकातून समजावण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

११. बॉक्स जोडला. आता चॅनल शोधायचे कसे?

देश भारत निवडा, स्रोत अँटेना किंवा डीटीव्ही निवडा आणि ऑटो शोध लावा. पूर्ण पट्टा तपासायला काही मिनिटं जातात, मधे बंद करू नका. काही सापडलं नाही तर अँटेना दुसऱ्या खिडकीत नेऊन परत शोधा.

सापडलं की एका वाहिनीवर थांबून रिमोटवरचं "इन्फो" बटण दोनदा दाबा. बऱ्याच बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि दर्जा. नजर दर्जावर ठेवा. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य म्हणजे अँटेना गोंगाट पकडतोय. अँटेना वीतभर सरकवा, पाच सेकंद थांबा, पट्टी बघा. बॉक्सला आकडा बदलायला वेळ लागतो, म्हणून थांबणं महत्त्वाचं. एक जण टीव्हीजवळ, एक खिडकीजवळ असेल तर काम लवकर होतं.

१२. चित्र मधेच थांबतं, चौकोन पडतात, आवाज तुटतो. बॉक्स खराब आहे का?

बहुधा नाही. डिजिटलमध्ये मुंग्या पडत नाहीत. सिग्नल एका मर्यादेच्या वर असला तर चित्र अगदी स्वच्छ, खाली गेला की चौकोन आणि मग काळा पडदा. तुमचा अँटेना त्या काठावर बसला आहे. अर्धी लहरलांबी म्हणजे ३० सेंटिमीटर, त्यामुळे खोलीत फूटभर अंतरावर चित्र पूर्ण वेगळं असू शकतं. आधी जागा बदला, मग उंची, मग अँटेना आडव्याचा उभा करून बघा.

त्रास ठरावीक वेळीच होत असेल तर घरातलं काय चालू असतं ते बघा. स्वस्त एलईडी बल्बांचे आणि चार्जरचे अडॅप्टर बराच गोंगाट करतात. एकेक बंद करून दर्जाची पट्टी बघा. अँटेनाची वायर विजेच्या वायरींबरोबर एकाच गुंडाळीत नेऊ नका. त्रास वाऱ्याबरोबर येत-जात असेल तर खिडकीसमोरचं झाड कारण असू शकतं.

१३. नव्या टॉवरमध्ये घर आहे. खोलीत काहीच नाही, खिडकीबाहेर हात काढून अँटेना धरला की सगळं दिसतं. असं का?

तुमची इमारत मिव्हान पद्धतीची असणार. ठाण्यातले आणि नवी मुंबईतले बरेच नवे टॉवर तसेच आहेत. त्यात विटांच्या भिंती नसतात, सगळ्या भिंती लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. लहरींना घरात शिरायला खिडकीखेरीज वाट नाही. म्हणजे अँटेना खिडकीतच हवा, दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीवर नको.

खिडकीतही अडथळे असतात. उन्हासाठी लावलेल्या चकचकीत फिल्ममध्ये धातूचा थर असतो, तो लहर अडवतो. फिल्म लावलेल्या काचेला अँटेना चिकटवण्यापेक्षा सरकती काच बोटभर उघडून बाहेरच्या बाजूला टांगा. लोखंडी ग्रिलच्या आत ठेवत असाल तर ग्रिलला टेकवू नका, वीतभर लांब ठेवा. शक्य असेल तर ग्रिलच्या बाहेर न्या, पण खाली पडणार नाही असा नीट बांधून. विसाव्या मजल्यावरून पडलेली हलकी वस्तूही घातक असते. पारव्यांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीने सिग्नल अडत नाही.

१४. बूस्टर लावला तर सुटेल का?

क्वचित. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. अँटेनाला जे मिळालंच नाही ते बूस्टर निर्माण करू शकत नाही. लांब वायरमुळे होणारं नुकसान भरून काढायला त्याचा उपयोग आहे. आरजी-६ च्या पाच मीटर वायरीत एक डेसिबलही जात नाही, म्हणजे नुकसान किरकोळ. गच्चीवरून दहाव्या मजल्यावर वायर आणली असेल तर बूस्टर अँटेनाजवळ लावा, टीव्हीजवळ नको.

शहरात एक वेगळी अडचण आहे. मोबाईलचे मनोरे ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झवर चालतात. समोरच्याच गच्चीवर तसा मनोरा असेल तर स्वस्त बूस्टर त्याच्या माऱ्याने गुदमरतो आणि बूस्टर लावल्यावर चित्र गेलं असा उलटा अनुभव येतो. बूस्टर काढून बघा.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये "अँटेना पॉवर ५ व्होल्ट" असा पर्याय असतो. तो आतच बूस्टर असलेल्या अँटेनासाठी आहे. साध्या अँटेनाला तो बंदच ठेवा.

१५. घोडबंदर रोड, खारघर, मुंब्रा इथे जमेल का?

इथे डोंगर आडवा येतो आणि डोंगरापुढे अँटेनाचं फारसं चालत नाही. कासारवडवलीहून वरळीकडे जाणारी रेषा येऊरच्या उतारावरून जाते. मानपाड्याला ती डोंगराच्या कडेला घासते. खारघर पारसिकच्या रांगेच्या पलीकडे आहे, मुंब्राही डोंगराच्या सावलीत. यूएचएफ लहर डोंगराच्या माथ्यावरून थोडी वाकून खाली उतरते, पण बरीच क्षीण होऊन.

वरच्या मजल्यांवर, बाल्कनीत यागी लावून जमू शकतं. खालच्या मजल्यावर पातळ अँटेनाने जमेल अशी आशा मी कोणाला देणार नाही. मागून आणलेल्या बॉक्सची चाचणी (प्रश्न ४) इथे सक्तीची समजा. तिथे काही सापडलं नाही तर सरळ प्रश्न २१ कडे जा.

१६. पावसाळ्यात बंद पडेल का?

पावसाने नाही. उपग्रहाच्या उच्च कंपनाच्या लहरी जोराच्या सरीत विरतात, म्हणून जुलैत छत्रीवाल्यांचे पडदे काळे होतात. यूएचएफवर पावसाचा परिणाम नगण्य आहे. पूर आणि बातम्या या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात, तेव्हा हा फरक फार मोलाचा ठरतो. काळजी फक्त बाल्कनीतल्या जोडांची घ्या. पिनेत पाणी गेलं की आतली तार हिरवी पडते. जोडाला टेप गुंडाळा आणि वायरीला पिनेच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

१७. क्रिकेटचा सामना केबलवरच्या डीडीवर दिसत नाही, अँटेनावर दिसतो असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि बऱ्याच घरांत अँटेना याच एका कारणासाठी येतो. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सामने खासगी हक्कधारकांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावे लागतात. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मिळालेला सामना दूरदर्शनने फक्त आपल्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवायचा. केबल आणि खासगी डीटीएचवर जाणाऱ्या डीडी वाहिनीवर तो दाखवता येत नाही. म्हणून तिथे त्या वेळी दुसरा कार्यक्रम लागतो.

सगळे सामने यात येत नाहीत. भारतीय संघाचे ठरावीक आंतरराष्ट्रीय सामने आणि विश्वचषकाच्या शेवटच्या लढती यादीत असतात, आयपीएल नसते.

१८. एका अँटेनावर दोन टीव्ही चालतील?

स्प्लिटरने चालतात, पण प्रत्येक टीव्हीला निम्म्याहून कमी ताकद जाते. दर्जा काठावर असेल (प्रश्न १२) तर दोन्ही बिघडतील. दुसऱ्या खोलीची खिडकी योग्य बाजूला असेल तर तिथे दुसरा अँटेना लावा. दुसऱ्या टीव्हीला स्वतःचा ट्यूनर किंवा बॉक्स लागेलच.

१९. सोसायटीची परवानगी लागते का? लायसन्स?

घराच्या आत लावलेल्या अँटेनाला कोणाची परवानगी लागत नाही. टीव्ही-रेडिओचं लायसन्स १९८० च्या दशकातच रद्द झालं. आता ते कोणी मागितलं तर पैसे देऊ नका.

गच्ची मात्र सामाईक आहे. तिथे लावायचा असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. एकट्यासाठी मागण्याऐवजी विंगमधली चार-पाच घरं एकत्र आली तर होकार लवकर मिळतो. वायर लिफ्टच्या किंवा अग्निशमनाच्या डक्टमधून नेऊ नका. खांबाला अर्थिंग द्या, विजांच्या दिवसांत ते गरजेचं आहे.

२०. मोबाईलवर पकडता येईल का?

साध्या फोनवर नाही. टी२ चा छोटा डोंगल चार्जिंगच्या खाचेत लावून काही फोनवर जमतं, पण त्याची बोटभर काडी ठाण्यापर्यंत पोचलेल्या सिग्नलला कमी पडते. "डायरेक्ट टू मोबाईल" नावाचं जे वाचायला मिळतं ते वेगळं तंत्र आहे आणि त्याला फोनमध्ये वेगळी चिप लागते. इंटरनेट असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज अ‍ॅप घ्या. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात.

२१. सगळं करून पाहिलं, काहीच सापडत नाही. आता?

आधी टीव्ही-बॉक्स निर्दोष आहे का ते तपासा. बॉक्स घेऊन वाशीत किंवा मुलुंडच्या पुढे कोणाकडे जाणं होणार असेल तर तिथे लावून बघा. तिथे सापडलं तर दोष तुमच्या जागेचा आहे, वस्तूचा नाही. तिथेही नाही सापडलं तर बॉक्स परत करा.

जागेचाच दोष असेल तर फ्री डिशचा विचार करा. अर्धं आकाश पश्चिमेचं आणि अर्धं पूर्वेचं असं पाहिलं तर वरळी एका अर्ध्यात आणि उपग्रह दुसऱ्या अर्ध्यात आहे. त्यामुळे अँटेनाला नापास झालेली पूर्वेची बाल्कनी छत्रीला बऱ्याचदा पास होते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हिवाळ्यात जिच्यात ऊन येतं आणि वर स्लॅबचं छज्जं नाही, अशी बाल्कनी शोधा. वरच्या मजल्याची बाल्कनी डोक्यावर असेल तर छत्री कठड्याच्या बाहेरच्या बाजूला घ्यावी लागते, आणि मग सोसायटीला विचारावं लागतं.

२२. आजी-आजोबा एकटे असतात. त्यांना दोन रिमोट जमत नाहीत.

टीव्ही आणि बॉक्स एकाच स्पाइक बस्टरवर लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सुरू होताना एचडीएमआय यावं असं ठरवता येतं, बॉक्स बहुधा शेवटची वाहिनी लक्षात ठेवतो. मग एक बटण दाबलं की डीडी न्यूज. बॉक्सच्या रिमोटवर आवाज आणि वाहिनी सोडून बाकीच्या बटणांवर टेप लावा, विशेषतः "मेन्यू"वर. चुकून कारखाना-रीसेट झालं तर यादी पुसली जाते आणि परत शोध लावावा लागतो (प्रश्न ११). तो कसा लावायचा हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवा, आणि अँटेना सध्या जिथे चालतोय त्या जागी खिडकीवर मार्करने खूण करा. झाडलोट करताना तो हलतोच.